कुलूप लावलेली पाठशाळा

मुलांनो आणि मुलांच्या आईबापांनो, ऐका. खूप जुन्या काळी एका डोंगराळ राज्यात एक पाठशाळा होती. तिथली मुलं अख्खी पोथी तोंडपाठ म्हणत. राजाला त्याचा भारी अभिमान.

पण ती मुलं उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत एकाच जागी बसत. जे आजारी पडे किंवा रडे, त्याला राजाचा प्रधान 'कच्चं मडकं' म्हणून घरी धाडी.

एकदा शेजारचा राजा पाठांतर ऐकायला येणार होता. सराव चालू असतानाच सगुणा नावाची मुलगी चक्कर येऊन कोसळली.

"हिला घरी पाठवा," प्रधान म्हणाला. "दुसरी उभी करा."

पंतोजींनी पोथी मिटली. पोरीचं डोकं मांडीवर घेतलं, पाणी पाजलं.

"काही खाल्लंस का गं?"

"नाही. झोपही लागत नाही. विसरले तर घरी पाठवतील ना!"

पंतोजींनी मुलांकडे पाहिलं. "आणखी कोणाचं असं होतं?"

आधी एक हात वर झाला. मग सगळेच.

"उद्यापासून आधी न्याहारी, मग खेळ, मग पाठ," पंतोजी म्हणाले. "आणि ज्याला कसली भीती वाटेल, त्याने ती मला सांगायची."

"हुकूम मोडता?" प्रधान गरजला.

"मोडतो."

प्रधानाने पाठशाळेला कुलूप ठोकलं. पंतोजी मुलांना घेऊन गावाबाहेरच्या वडाखाली बसले. आयांनी भाकऱ्या आणल्या. वैद्यबुवा आपणहून येऊन नाडी पाहू लागले. मुलं सूरपारंब्या खेळत, पोटभर हसत, आणि मग शिकायला बसत.

ठरल्या दिवशी पाहुणा राजा आला, तर पाठशाळा रिकामी! दोन्ही राजे प्रधानासह शोधत वडाखाली पोचले.

"कुलूप काढतो. चला आत!" राजा संतापून म्हणाला.

कोणी हललं नाही.

सगुणा उठली. ती ठामपणे म्हणाली, "महाराज, घरी धाडलेली मुलं आधी परत आणा. ती आत गेली की आम्ही येऊ."

"आधी पाठ म्हणून दाखव!" राजा गरजला.

तिने म्हणायला सुरुवात केली आणि मध्येच अडली. प्रधान छद्मी हसला.

"विसरले," सगुणा म्हणाली. "पण आज पडले नाही."

ती शांतपणे खाली बसली. शेजारच्या मुलीने न सांगता पुढची ओळ उचलली.

पाहुणा राजा हळूच म्हणाला, "माझ्याही राज्यात मुलं कोसळतात. मला असं तोंडावर कोणी सांगितलं नव्हतं."

राजाची मान खाली गेली. त्याच संध्याकाळी प्रधानाला दारोदार फिरून घरी धाडलेल्या मुलांना हात जोडून बोलवावं लागलं. पाठशाळेला लागून स्वयंपाकघर उभं राहिलं, समोर मैदान मोकळं झालं, आणि तिथलं कोणतंही मूल पुन्हा कधी 'कच्चं मडकं' ठरलं नाही.

तात्पर्य: जी विद्या मुलांचा जीव जपत नाही, तिच्या हुकमापुढे मान तुकवू नये.