बाहेरचं अंग

त्या राज्यात प्रत्येक प्राण्याची जागा त्याच्या अंगावरून ठरत असे. शिंगवाल्यांना कुरण, पंजेवाल्यांना दाट रान, मऊ कातडीच्या दूधपित्यांना कुंपण, खवलेवाल्यांना नदीपलीकडचा खडकाळ उतार. पूर्वी सगळे एकाच पाणवठ्यावर येत. मग पाणी आटत गेलं, आणि भांडणं टाळायची तर प्रत्येकाला वेगळं ठेवावं, असं धनेश पक्ष्यांनी सुचवलं. तेव्हा ते सगळ्यांनाच पटलं होतं.

पाहणी करणारा धनेश म्हातारा होता आणि स्वभावाने वाईट नव्हता. त्याच्यापुढे एका सकाळी खवलेमांजराची मादी आली. तिच्या शेपटीवर तिचं पिलू बसलं होतं. धनेशाने तिच्या पाठीवर चोच आपटून पाहिली.

"खवले आहेत. तू पलीकडे जा."

मग त्याने पिलाला चाचपलं. त्याची पाठ अजून मऊ होती आणि तोंडाला दूध लागलेलं होतं.

"हे दूधपित्यांच्या कुंपणात."

"ते माझंच दूध पितं," ती म्हणाली. "मग मीही त्यांच्यातलीच झाले ना?"

"दूध आत असतं, बाई. आम्हाला बाहेरून पाहायचं असतं."

उतारावर सरडे, साप आणि कासवं होती. त्यांनी तिला जागा करून दिली. पण ती दिवसभर नदीकडे तोंड करून का बसते, हे त्यांना कळेना. तिची छाती दुधाने ठणकत होती.

"माझी पिलं वाळूतून निघाली आणि आपापली गेली," एक कासवीण तिला म्हणाली. "मी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. तू कशाला जीव जाळतेस?" तिच्या बोलण्यात कुचकेपणा नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

मादी उठली. ती एका धारदार खडकाशी गेली आणि पाठ घासू लागली. पहिला खवला मांसासकट निघाला. कासवीण तोंड फिरवून दुसरीकडे गेली. पुढे रोज तो आवाज येत राहिला. दूध आटलं, उन्हाळा सरला, जखमांवर राखाडी कातडी धरली.

ती पुन्हा धनेशापुढे उभी राहिली. त्याने तिला ओळखलं नाही.

"कातडी आहे. दूधपित्यांत जा," तो म्हणाला आणि बाजूला झाला.

ती कुंपणाच्या दाराशी पोहोचली तेव्हा आतून काही तरुण प्राणी बाहेर आणले जात होते. त्यांची अंगं आता बदलली होती, म्हणून त्यांना दुसरीकडे हलवायचं होतं. त्यांच्यात तिचं पिलू होतं. ते चांगलं वाढलं होतं, आणि त्याच्या पाठीवर टणक, तपकिरी खवले आले होते.

तिने हाक मारली. पिलू थांबलं. वण पडलेलं, उघडंबोडकं एक जनावर आपल्याकडे धावत येताना त्याला दिसलं. त्याने डोकं पोटाशी घेतलं आणि अंगाचा गोळा केला.

ती त्याला नावाने हाका मारत जवळ जात राहिली, आणि प्रत्येक हाकेसरशी तो गोळा अधिकच घट्ट होत गेला.