ढगातली चढण

डोंगरातल्या वाटा अजून कच्च्या होत्या, तेव्हाची ही गोष्ट. वरच्या पाड्यावर एक बाई अडली होती. भिवा तिच्यासाठी सुईणीला जीपमधून नेत होता. अर्ध्या चढणीवर पांढरा ढग उतरला.

"बाजूला हो, मला काही दिसत नाही!" जीप ओरडली.

"चाकापुढची वाट दिसते ना? तेवढीच चढ," ढग हळूच म्हणाला.

"चल गं बाय, सांभाळून," म्हणत भिवाने चारही चाकांना जोर दिला. दगडामागून दगड चढत, झोपेत तरंगावं तशी जीप माथ्यावर पोचली. सुईण धावतच झोपडीत शिरली. थोड्या वेळाने बाळाचं रडणं ऐकू आलं.

ढग विरू लागला. जीपने मागे पाहिलं. वाट जेमतेम चाकांइतकी रुंद होती आणि दरीचा तळ दिसत नव्हता.

"ही दरी आधी दिसली असती, तर मी चढलेच नसते!"

"म्हणूनच तर आलो होतो," ढग म्हणाला आणि निघून गेला.