अठ्ठावीस-वीस

“नंबर तोच, पंखा तोच, बॅटरी तीच. मग जळते कशी, वस्ताद?”

हर्षदा मगदूमने काळी पडलेली मोटार बाकावर आपटली. लिंबाएवढी मोटार.

इचलकरंजीत बाबालाल वस्ताद यंत्रमागाच्या जळक्या मोटारींत नवी तार भरून देत. हर्षदा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. महिनाभर ती त्यांच्याकडे वायंडिंग शिकत होती, आणि शिकता शिकता त्यांनाच शिकवत होती.

चार वाजता तिच्या गटाचं छोटं विमान परीक्षकांसमोर उडायचं होतं. याआधी दोन मोटारी जळल्या होत्या, ही तिसरी. दुसरी हवेतच बंद पडली, आणि विमान खेळ बघत बसलेल्या एका आजींपासून चार हातांवर कोसळलं.

आजी हसल्या होत्या. हर्षदाला तेव्हापासून नीट जेवण जात नव्हतं.

वस्तादांनी मोटार उचलून तराजूत ठेवली. त्यांच्याकडे काहीही आलं की आधी तराजू. जितकी तार निघेल तितकीच परत भरायची.

“वजन कशाला करताय? जाड तार घाला आणि द्या. दीड वाजलाय.”

वस्तादांनी सावकाश वजनं बदलली.

“चाळीस ग्रॅम.”

“हलकी आहे. चांगलंच की!”

“नंबर?”

“अठ्ठावीस-वीस. सीनियरांच्या विमानाच्या वहीत हाच आहे. अठ्ठावीस मिलिमीटर रुंद, वीस उंच. पहिलीतल्या पोरालाही कळेल.”

“मोजलीस?”

तिने पिशवीतून बारीक मापं घ्यायचं व्हर्नियर काढलं, मोटारीला लावलं आणि त्यांच्या नाकासमोर धरलं. अठ्ठावीस. केसाचाही फरक नाही.

“कुठं मोजलीस?”

“कोडी घालू नका, वस्ताद. मोटार मोजायची तर मोटारीवरच ना?”

वस्तादांनी बारीक स्क्रू सोडवला. मोटारीचं बाहेरचं टोपण निघालं. आत तारांनी लपेटलेला लोखंडी गाभा होता, कोळशासारखा.

“आता मोज.”

तिने मोजलं. पुन्हा मोजलं.

“बावीस...”

“मागाची मोटार भरायला आली की मी काय मोजतो?”

“गाभा.”

“का?”

“काम गाभा करतो म्हणून...”

शेजारच्या यंत्रमागांची धडधड चालू होती. हर्षदाचा आवाज त्यात बुडाला.

“म्हणजे वहीतले अठ्ठावीस-वीस गाभ्याचे. आणि या मोटारीवरचे वरच्या डब्याचे. आकडा तोच, मोटार निम्मीसुद्धा नाही. हे चालतं तरी कसं? मोजायला काही नियम नाही?”

“कुणी आतून मोजतं, कुणी बाहेरून.”

“तुम्हाला माहीत होतं! मग महिनाभर बोलला का नाहीत?”

“तू बोलत होतीस.”

तिने घड्याळाकडे बघितलं. पावणेदोन.

“विमान पुढून हलकं नाही झालं?” वस्तादांनी विचारलं.

“झालं होतं. शेपूट खाली जायची. मग नाकात शिसं भरलं.”

“किती?”

“मोजलं नाही. तोल जमेपर्यंत भरलं.”

विमानाचं नाक तिच्या पिशवीतच होतं. वस्तादांनी त्यातले शिशाचे तुकडे टोचून काढले आणि जळकी मोटार टोपणासकट पारड्यात ठेवून तिच्याशेजारी मांडले. वजनं उचलून दुसरं पारडं मोकळं केलं. मग खणातून एक मोटार काढली. कोल्हापूरच्या कुणा हौशी माणसाने भरायला दिलेली, वस्तादांनी भरून ठेवल्यावर परत कधी न नेलेली. जळताना तिच्यावरचा नंबराचा कागद उडून गेला होता.

त्यांनी ती मोकळ्या पारड्यात ठेवली.

काटा हलला... डगमगला... मधोमध थांबला.

हर्षदा शिशाकडे बघत राहिली. मोटारीचं कमी पडलेलं वजन दोन आठवडे तिनेच शिशाने भरून काढलं होतं. स्वतःच्या हाताने.

तिने नवी मोटार उघडली. गाभा मोजला. अठ्ठावीस. उंची, वीस.

“हीसुद्धा जळली तर?”

वस्तादांनी मोटार हातात घेऊन फिरवून बघितली.

“आज मैदानावर गर्दी असेल, वस्ताद. लोक पोरंबाळं घेऊन येतात. नुसतं गप्प काय बसताय!”

त्यांनी मोटार बाकावरच्या व्हाइसमध्ये घट्ट पकडली, हर्षदाचाच पंखा लावला, तिचीच बॅटरी जोडली, आणि तिला मागे ओढलं. पंखा गरजला. बाकावरचे कागद उडाले. एक मिनिट. दोन. हर्षदा जळका वास येतो का ते हुंगत होती. पाच मिनिटांनी त्यांनी बटण बंद केलं.

“बोट लाव.”

तिने हात पुढे केला. मागे घेतला. मग लावला.

“कोमट आहे.”

वस्तादांनी व्हाइस सैल केला. हर्षदाने मोटार नाकात बसवली, चारही स्क्रू आवळले, पुन्हा आवळले. दारापर्यंत गेली आणि परत आली. बाकावरचा मार्कर उचलला.

“हिच्यावर नंबर नाही. परीक्षक विचारतील. अठ्ठावीस-वीसच लिहू?”

वस्तादांनी तिच्या हातातून मार्कर काढून घेतला, त्याला टोपण लावलं आणि तिच्या पिशवीत टाकला.

“विमान उतरलं की लिही.”