टिल्मन वाळूवर उभा राहिला

सॅक्सन लोकांच्या मुलखात, जिथे समुद्र दिवसातून दोनदा मैलभर मागे सरतो आणि पुन्हा गावाशी येऊन भिडतो, त्या किनाऱ्यावरील एल्मनेस नावाच्या खेड्यात एल्डविन महाराज नावाच्या ख्रिस्ती साधूंचे वास्तव्य होते. या गोष्टीला बारा-तेराशे वर्षे सहज झाली. गावात नवा धर्म येऊन जेमतेम एक पिढी उलटली होती. लोक महाराजांच्या लाकडी क्रुसापुढे गुडघे टेकत आणि गळ्यातला जुन्या देवाच्या हातोड्याचा ताईतही जपून ठेवत. महाराज त्यावर कधी रागावले नाहीत. बिचारे दोन दारे ठोठावताहेत, ठोठावू देत, असे म्हणून ते हसत.

महाराजांच्या झोपडीमागे वेताच्या टोपल्यांत मधमाश्या पाळणारा टिल्मन हा त्यांचा लाडका भक्त. त्याच्या मधाची दारू सरदाराच्या दरबारात सगळे मिटक्या मारीत पीत, पण तिथल्या बाकावर टिल्मनला बसायला जागा नव्हती. त्याचा अपराध एकच होता. तो जिवंत होता.

त्या लोकांची रीतच तशी. सरदार रणात पडला, की त्याचे अन्न खाल्लेल्यांनी त्याच्या शेजारी लढून मरायचे. बारा वर्षांपूर्वी सरदार ऑस्लाक नदीच्या उतारावर पडला, त्याचे तेवीस वीर त्याच्याभोवती पडले आणि टिल्मन एकटा गावी आला. खुद्द ऑस्लाकनेच मरता मरता त्याला हुकूम दिला होता, की लुटारू गावाकडे वळताहेत, धावत जा आणि बायकापोरांना टेकडीवर ने. टिल्मन धावला आणि गाव वाचले. पण हुकूम ऐकणारे सगळे मेले होते, मग साक्ष कोण देणार? ज्या पोरांना त्याने खांद्यावरून टेकडीवर नेले, तीच मोठी होऊन त्याला पळपुटा म्हणू लागली.

यात सर्वांत जहरी जीभ होती वुल्फ्रिकची, म्हणजे त्याच्या सख्ख्या धाकट्या भावाची. वुल्फ्रिक गावातल्या लढवय्यांचा म्होरक्या होता. दंडात चांदीची कडी आणि बोलण्यात आगीची धग. माझा भाऊ त्या नदीवर मेला, हा कोण मला ठाऊक नाही, असे तो चारचौघांत सांगे. एकदा त्याने महाराजांनाही सोडले नाही.

"तुमचा देव पळपुट्यांना बरा जवळ करतो."

"करतो खरा," महाराज म्हणाले. "म्हणून तर तुलाही आशा आहे."

टिल्मन हे सारे गिळून मधमाश्यांकडे वळे. त्याला दुखत नव्हते असे नाही. फार दुखत होते.

एका शरद ऋतूत लुटारूंच्या होड्या क्षितिजावर दिसल्या. नवा सरदार राजाकडे गेलेला, गाव वुल्फ्रिकच्या भरवशावर. दरबारात प्याला फिरला. प्याला हातात धरून वीराने जे बोलायचे ते करून दाखवायचे, नाहीतर मरायचे, असा त्यांचा नेम होता. वुल्फ्रिक उठला आणि गरजला, की उद्या समुद्रात शिरलेल्या वाळूच्या टोकावर ढाल रोवून उभा राहीन आणि सूर्य मावळेपर्यंत एक पाऊल मागे घेणार नाही. सहा जणांनी त्याच प्याल्यातून पिऊन त्याच्या शेजारी उभे राहण्याची आण घेतली. उद्या पौर्णिमा आहे, उधाणाची भरती येणार, हे कोळ्यांच्या कोणत्याही बाईने त्यांना सांगितले असते. पण शौर्याच्या गप्पा रंगलेल्या असताना कोळणीला विचारायचे कोणी?

दुसऱ्या दिवशी वारा फिरला आणि दुपारच्या आतच लुटारूंच्या होड्या उत्तरेकडे निघून गेल्या. गावात आनंदीआनंद झाला. मात्र वाळूच्या टोकावरचे सात जण जागचे हलेनात. सूर्य अजून माथ्यावर होता आणि पाणी चढू लागले होते.

टिल्मन धापा टाकत महाराजांकडे आला. मी वुल्फ्रिकला बोलवायला जातो, आशीर्वाद द्या, म्हणाला. महाराज काठी टेकत त्याच्याबरोबर किनाऱ्यावरच्या खडकापर्यंत आले.

"त्यानं ऐकलं नाही तर?" त्यांनी विचारले.

"तर मीही तिथंच राहीन, महाराज. मला पोहता येत नाही."

महाराजांनी त्याच्या कपाळावर क्रुसाची खूण केली. "मग जा. मी इथं उभा आहे," ते म्हणाले. त्यांचे वय तेव्हा ऐंशीच्या घरात होते!

टिल्मन घोट्याएवढ्या पाण्यातून निघाला आणि गुडघ्याएवढ्या पाण्यात पोहोचला. सातही जण ढालीला ढाल भिडवून उभे होते. समोर शत्रू नव्हता, नुसता समुद्र. टिल्मनने भावाला विनवले, लुटारू गेले, गाव सुखरूप आहे, आता चल. वुल्फ्रिकने मानही वळवली नाही. मी मरेन, पण माझा शब्द मरणार नाही, एवढेच तो म्हणाला.

"तू मरशील," टिल्मन म्हणाला. "या सहा जणांच्या आयांना मी काय सांगू?"

 तेव्हा वुल्फ्रिकने साथीदारांना मोकळे केले, तुम्ही जा, अशी आज्ञाच दिली. कोणी हलले नाही. त्यांच्यातला सर्वांत दांडगा होता हून्बर्ट. तो म्हणाला, "तुला सोडून जायचं? आणि जन्मभर टिल्मनसारखं जगायचं? त्यापेक्षा समुद्र बरा."

वुल्फ्रिकचा चेहरा पांढराफटक पडला. बारा वर्षे तो भावाची जी टर उडवत होता, त्या टरेनेच आज सहा तरणे गडी पाण्यात बांधून ठेवले होते. मागे वळणाऱ्याचे काय होते, हे त्यानेच तर गावाला शिकवले होते! 

टिल्मनने मग वाद घातला नाही. तो भावाच्या डाव्या हाताला, ढालीच्या आडोशाला जाऊन उभा राहिला. पाणी कमरेला लागले, मग छातीला. टिल्मनचे दात वाजत होते आणि ओठांवर महाराजांनी शिकवलेली प्रार्थना होती. त्याला मरणाची भीती वाटत होती, तरी पाय वाळूत घट्ट होते.

आणि पाणी छातीशी येऊन थांबले. दहा पावलांवर कोळ्यांचा खुणेचा खांब होता, दोन पुरुष उंच. बघता बघता तो शेंड्यासकट बुडाला. भोवती लाटा डोक्याहून उंच उसळत होत्या, आणि आठ माणसे उभी होती तेवढ्या जागी पाणी एखाद्या खोलगट थाळीत असावे तसे खाली राहिले होते.  हून्बर्ट ढसाढसा रडत होता. अशी दोन तास भरती त्यांच्याभोवती उभी राहिली, मग पाणी उतरू लागले. सूर्य मावळला तेव्हा ते आठ जण ओल्या वाळूवर उभे होते आणि वुल्फ्रिकचा शब्द राहिला होता.

ते किनाऱ्याला आले तर गाव खडकाभोवती दाटीने जमलेले. खडकावर भरतीचा थेंबही चढला नव्हता, त्यावरचे शेवाळ उन्हाने पार वाळले होते. आणि त्या कोरड्या खडकावर एल्डविन महाराज गळ्यापर्यंत भिजून उभे होते! दाढीतून खारे पाणी ठिबकत होते, झग्याला समुद्राचे गवत चिकटले होते, अंगाला कापरे भरले होते. दोन तास महाराज काठीला टेकून इथेच उभे होते, पाण्यात पाऊलही घातले नाही, असे बाया शपथेवर सांगत होत्या.

आठ माणसांच्या डोक्यावरून जायचे पाणी कोणी आपल्या अंगावर घेतले, ते वुल्फ्रिकला सांगावे लागले नाही. त्याने ढाल टाकली आणि महाराजांच्या पायांवर लोटांगण घालू लागला. महाराजांनी त्याला दोन्ही हातांनी अडवले.

"मला नको, बाळा," महाराज म्हणाले. "मी दोन तास भिजलो. तुझा भाऊ बारा वर्षं भिजतोय."

टिल्मन दमून जवळच एका दगडावर बसला होता. सॅक्सन वीर आपले मस्तक आणि दोन्ही हात जगात एकाच माणसाच्या गुडघ्यावर ठेवतो, आपल्या सरदाराच्या. सगळ्या गावादेखत वुल्फ्रिक वाळूत गुडघ्यांवर बसला आणि त्याने आपले मस्तक व दोन्ही हात टिल्मनच्या गुडघ्यावर ठेवले.

"ऑस्लाकनंच तुला पाठवलं होतं," तो खालच्या आवाजात म्हणाला. "मला ठाऊक होतं, दादा. तू आलास त्याच दिवशी तुझं तोंड बघून कळलं होतं. पळपुट्याचा भाऊ म्हणतील, याची भीती वाटली मला."

टिल्मनने त्याच्या ओल्या केसांवर हात ठेवला आणि बराच वेळ तो काढला नाही.