उष्टं तळं

विद्यापीठामागच्या टेकडीच्या पायथ्याशी एक तळं आहे. उन्हाळ्यात सगळा माळ करपतो, विहिरी कोरड्या पडतात, पण हे तळं भरलेलंच असतं; काठाच्या दगडी पायऱ्याही एकेक करून पाण्याखाली चालल्यात. पाणी बारा महिने कोमट. हात घातला तर कुणाच्या तरी तोंडात बोटं घातल्यासारखं वाटतं आणि माणूस झटकन हात बाहेर काढतो. म्हशी तहानेनं कासावीस होऊन काठावर उभ्या राहतात, पण या पाण्याला तोंड लावत नाहीत. विद्यापीठानं इथे संगमरवरी पाटी ठोकलीय: 'बंधुतीर्थ'. आसपासच्या गावांत मात्र याला उष्टं तळंच म्हणतात.

प्रवेशाच्या दिवसांत आईबाप पोरांना घेऊन येतात. तेव्हा माजी बंधू संघाचा, म्हणजे इथे शिकून गेलेल्यांच्या संघाचा, एखादा पांढऱ्या केसांचा गृहस्थ त्यांना काठावर आणतो आणि छातीवर हात ठेवून त्यागाची गोष्ट सांगतो. ती ऐकू नये. टेकडीपलीकडच्या गावातली जुनी माणसं सांगतात ती ऐकावी. तीही काही धुतल्या तांदळासारखी नाहीत. वर्षानुवर्षं त्यांनी इथल्या खानावळीला दूध घातलं आणि टेकडीवर काय चालतं ते बघून न बघितल्यासारखं केलं. पण निदान गोष्ट तरी ती अर्धी कापून सांगत नाहीत.

ती अशी. संस्थानाच्या काळात इथले दिवाण विलायतेला शिकून आले आणि येताना तिथल्या बंधुमंडळांचं खूळ घेऊन आले. पोरं एका घरात राहतील, एका पंगतीत जेवतील, जन्मभर एकमेकांना धरून राहतील, असं ते म्हणत. मुलग्यांची बंधुमंडळं निघाली. मुली शिकायला आल्या तशी भगिनीमंडळंही निघाली. या उघड्या माळावर राहायची दुसरी सोयच नव्हती. मंडळानं घेतलं तर डोक्यावर छप्पर, नाहीतर बोचकं उचलून घरी.

आणि मंडळात घ्यायचं तर आधी दीक्षा. पौषातल्या कडाक्याच्या थंडीत, उजाडता उजाडता, नव्या पोरांनी तांब्यातलं पाणी तोंडात भरून घ्यायचं आणि टेकडी चढायची. गिळायचं नाही, थुंकायचं नाही. वाटेत जुने लोक शिव्या घालत, ढकलत, पायांवर बाभळीच्या फोका मारत. कुणाकुणाला जे करत ते सांगण्यासारखं नाही. तोंड उघडायचं नाही. वर पोचल्यावर ते पाणी गिळून टाकायचं, आणि झालेलं सगळं त्याच्याबरोबर पोटात ठेवायचं. याला मंडळांतून शिकून गेलेले म्हातारे 'शील' म्हणत. शब्द चांगला शोधला होता.

या सगळ्या मंडळांची प्रमुख होती शालनबाई जमदाडे. ती याच माळावर शिकली, याच टेकडीवर चढली, अंगात ताप असताना चढली, आणि पुढे इथेच मंडळप्रमुख झाली. माहेर कधीच सुटलेलं, सासर झालंच नव्हतं. या माळापलीकडे तिचं म्हणून काही नव्हतं. बाई दुष्ट नव्हती. पोरींच्या दुखण्याखुपण्यात उशाशी बसायची, घरच्या आठवणीनं रडणारीला आपल्या पानातलं काढून वाढायची. आणि पौष आला की तांब्या चिंचेनं घासून लख्ख करायची. अशा प्रेमळ बाया असतात म्हणूनच असल्या गोष्टी चालतात.

त्या वर्षी घाटाखालच्या गावातून सुगंधा बनकर नावाची मुलगी आली होती. तिच्या गावातून इतकं शिकायला आलेली पहिलीच. दीक्षेच्या सकाळी तांब्यापुढे तिचा नंबर आला तेव्हा ती हळूच म्हणाली, "बाई, सर्दी झालीय हो मला. नाक पार चोंदलंय."

मागून जुन्या पोरी फिदीफिदी हसल्या. "घ्या! नाजूक फूल आलंय. पालखी मागवा गं हिला."

शालनबाईनं त्यांना गप्प केलं. पण सुगंधाला म्हणाली, "हे बघ, मला तर ताप होता. मी मेले का?"

"पण श्वासच घेता येत नाहीये, बाई."

"मग राहू दे. तुझ्यावर जबरदस्ती नाही. थुंकलीस तर मात्र आजच बोचकं बांधायचं, एवढं लक्षात ठेव."

सुगंधानं तोंड पुढे केलं. शालनबाईनं पाणी ओतलं.

अर्ध्या चढावर पोरगी थांबली. छाती भात्यासारखी वरखाली होत होती, पण ओठ घट्ट मिटलेले. कुणीतरी मागून ढोसलं. ती चार पावलं चढली, खाली बसली आणि बसल्या जागी कलंडली. शालनबाई धापा टाकत वर पोचली तेव्हा ओठ निळे पडले होते, आणि तरीही मिटलेलेच होते. बाईनं तिचे गाल दाबले तसं पाणी बाहेर आलं. कोमट झालेलं.

दुपारपर्यंत म्हातारे गोळा झाले. कुलगुरू आले, डॉक्टर आले, माजी बंधू संघाचे अध्यक्ष आबासाहेब खासनीस रेशमी फेटा बांधून आले. मेलेल्या पोरीकडे कुणी फारसं बघितलं नाही. मुलीचं काळीज जन्मापासूनच कच्चं होतं, असं ठरलं. डॉक्टरांनी मान डोलावली; तेही जुने बंधूच. मग आबासाहेबांना आणखी चांगलं सुचलं. पोरीचा चौथरा बांधायचा. भगिनीभावासाठी तिनं देह ठेवला असं म्हणायचं.

"तिनं मला सांगितलं होतं," शालनबाई म्हणाली. "नाक चोंदलंय म्हणून."

"आणखी कुणापाशी बोललात हे?"

"नाही."

"मग झालं तर," आबासाहेब म्हणाले. "बाई, तुम्हाला खोटंसुद्धा बोलायचं नाहीये. नुसतं गप्प राहायचंय. अहो, पोरींना तेच तर शिकवता तुम्ही! शेवटपर्यंत इथे सुखानं राहा, तुमच्या केसाला धक्का लागणार नाही."

आणि बाई गप्प राहिली. हे माजी बंधू कधी सांगत नाहीत. ती रात्रभर गप्प राहिली आणि सकाळी शोकसभेला पांढरं लुगडं नेसून त्यांच्याच रांगेत बसली.

सभा टेकडीच्या पायथ्याशी होती. सुगंधाची आई यमुनाबाई रातोरात बैलगाडीतून आली होती. तिला खुर्ची दिली तर ती बसली नाही, उभीच राहिली. आबासाहेबांचं भाषण सुरू झालं. आवाज भरून आणण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता.

"माउली, तुमची कन्या धारातीर्थी पडली!"

"लढाई होती का इथं?" यमुनाबाई म्हणाली.

"तसं नव्हे. तिचं काळीज मुळातच—"

"पोती उचलायची माझी पोर. तिच्या काळजाचं मला नका सांगू."

आबासाहेब जरा गडबडले, मग त्यांनी आवाज चढवला. "काहीही म्हणा माउली, पण अभिमान बाळगा! प्राण गेला, पण पोरीनं तोंडातलं पाणी शेवटपर्यंत सांडू दिलं नाही!"

काही म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या, म्हणे.

टाळ्या थांबेपर्यंत यमुनाबाई थांबली. मग तिनं विचारलं, "जीव चालला होता तिचा. मग थुंकली का नाही? शेंबड्या पोरालासुद्धा कळतं ते. माझ्या पोरीनं पाणी का नाही थुंकलं?"

सभेत टेकडी चढलेली शेकडो माणसं होती. कुणाच्याच तोंडात पाणी नव्हतं, आणि एकानंही तोंड उघडलं नाही. आबासाहेबांनी शालनबाईकडे नुसतं पाहिलं.

शालनबाई उठली. ती बोलायला गेली तर शब्दाआधी पाणी आलं. आपल्याला उलटी होतेय असं तिला वाटलं. पण ते स्वच्छ पाणी होतं, कोमट, गुळण्यांवर गुळण्या. पदरानं पुसलं तर आणखी आलं. त्या पाण्यातूनच ती बोलली, "मी सांगितलं होतं तिला. थुंकलीस तर बोचकं बांध. सर्दी झालीय म्हणाली, श्वास घेता येत नाही म्हणाली. मी म्हणाले, मला ताप होता, मी मेले का. आणि मीच पाणी ओतलं."

असं सांगतात की जसजशी ती बोलत गेली, तसतसं पाणी कमी होत गेलं, आणि शेवटचा शब्द कोरडा निघाला.

"गप्प बसा!" आबासाहेब ओरडले, निदान ओरडायला गेले. त्यांच्या मिशांवरून पाणी ओघळलं, फेट्याचा शेमला भिजला, जाकीट भिजलं. कुलगुरूंनी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं तर पाणी नाकातून आलं. मग ज्यांनी ज्यांनी वर जाऊन ते गिळलं होतं त्या सगळ्यांच्या तोंडून पाणी सुटलं. ज्या पोरापोरींनी तिथल्या तिथे बोलून टाकलं, कुणी काय केलं, कुणी बघितलं, त्यांचं थांबलं. म्हाताऱ्यांपैकी कुणी बोललं नाही. ते तोंडाला पंचे लावून भिंतीच्या आडोशानं घराकडे पळाले, आणि त्यांच्या वाटेवर ओल उमटत गेली. सगळं पाणी उतारावरून खोलगट जागेत साचलं. तेच हे तळं.

यमुनाबाईनं शालनबाईला माफ केलं नाही. का करावं? "ऐकलं," एवढंच म्हणाली आणि पोरीची ट्रंक उचलायला वाकली. शालनबाई मदतीला पुढे झाली, तर म्हणाली, "हात नको लावूस." त्याच दिवशी बाईनं माळ सोडला. तालुक्याच्या कचेरीत जाऊन तिनं सगळं पुन्हा सांगितलं आणि शिक्षा भोगली, असं म्हणतात. तिच्या नावाची पाटी कुठे नाही, आणि नाही तेच बरं.

पुढच्या वर्षी नव्या पोरांनी म्हाताऱ्यांचं भाषण ऐकायला नकार दिला. आधी तोंड दाखवा, म्हणाली. तो रिवाज तिथून पडला. आजही वर्षाच्या पहिल्या सभेत मंडळप्रमुखापासून कुलगुरूपर्यंत, मंचावरच्या प्रत्येकाला बोलण्याआधी नव्या पोरांपुढे आ करून उभं राहावं लागतं. म्हाताऱ्यांनी त्याची गंमत करून टाकलीय. कवळ्या काढून दाखवतात, फोटो काढून घेतात, हसतात.

गेल्या वर्षी मात्र एक सन्माननीय पाहुणे तोंड न उघडताच नुसता हात हलवून माइकपाशी आले. पुढच्या रांगेतली एक मुलगी उठली आणि थेट त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"काका, आ करा."

पाहुण्यांनी खिशातून रुमाल काढला आणि तोंडावर दाबून धरला. दुसऱ्या दिवशी तळ्याची आणखी एक पायरी पाण्याखाली गेली होती.