पेंढ्याचं रेडकू

गवतालाही वाचा होती आणि ते माणसांपेक्षा बरंच कमी खोटं बोलायचं, त्या काळची ही गोष्ट. भुरी म्हशीचं रेडकू मेलं. ती पान्हवेना, म्हणून ठकूबाई गवळणीनं मेल्या रेडकाच्या कातड्यात पेंढा भरला आणि ते तिच्यापुढे उभं केलं. भुरी त्याला चाटू लागली, दूध देऊ लागली.

आतल्या पेंढ्याला मात्र ती माया सोसेना. खरं सांगितलं, तर ती खरखरीत जीभ पुन्हा अंगावरून फिरायची नाही. आणि गप्प बसावं, तर चोरी केल्यासारखं वाटे. त्यात आढ्यावरचा कावळा रोज टोमणा मारी, "काय युवराज, आज आईनं काय पाजलं?"

शेवटी एका सकाळी न राहवून पेंढा बोलला, "आई, मी तुझं लेकरू नाही. मी नुसता पेंढा आहे."

भुरीचं चाटणं काही थांबलं नाही. "जन्मभर पेंढाच खाल्लाय रे मी. मला त्याचा वास कळायचा नाही होय? पण हे कातडं माझ्या लेकराचंच आहे. मान जरा वर कर, गळ्याखाली राहिलंय."

पेंढ्याला मान वर करता येईना. पण तुम्ही विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, त्या सकाळी त्याला पहिल्यांदा दुधाची भूक लागली.