एक चप्पल लिंबाखाली

“पण बुवा, वाटाणे सोलून कुणी शहाणं झालंय का?”

दाजीबाने विचारलं आणि मठाच्या ओट्यावर मांडी घट्ट केली. उत्तर घेतल्याशिवाय तो उठणार नव्हता. चार वर्षांची नात, रेणू, बरोबर आणली होती. पुरावा म्हणून.

नागोबुवा सुपात शेंगदाणे निवडत होते. “कोण सोलतं वाटाणे?”

“ही. सून बसवते सोलायला. म्हणते, मोजायला शिकतेय. धुणं वाळलं की मोजे पुढ्यात टाकते. म्हणते, जोड्या लावायला शिकतेय. मला विचाराल तर फुकटची मोलकरीण तयार करतेय.”

“मग बालवाडीत घाल.”

“ऐकते कुठं? म्हणते, एक वर्ष घरीच शिकवीन. मुलगा तर तिच्या ताटाखालचं मांजर. पण तुमचा शब्द ती मोडायची नाही. उद्या नाव घालायचा शेवटचा दिवस. तुम्ही एवढंच सांगा, की घरी राहून पोर काही शिकत नाही.”

बुवांनी सुपातला एक खडा उचलून बाहेर टाकला.

दाजीबाला हे बरं वाटलं नाही. गेल्या गुरुवारी सून मठात येऊन गेली होती. कान भरले असणार. आणि हे शेंगदाणे? आपल्याच शेतातले दिसतात.

“दाणे कुणी दिले?”

“खा,” बुवांनी मूठ पुढे केली.

दाजीबाने एक दाणा उचलला, हुंगला, उलटा करून बघितला. मग खाल्ला.

बुवांनी रेणूलाही दिला. तिने दाणा हुंगला, उलटा करून बघितला. मग खाल्ला.

बुवांना हसायला काय झालं, ते दाजीबाला कळेना.

रेणू पायरीपाशी गेली. दर्शनाला आलेल्यांच्या चपला तिथे कशाही पडल्या होत्या. ती त्या जुळवून ओळीत मांडू लागली.

“हात नको लावू गं. चोर म्हणतील लोक.” दाजीबा बुवांकडे वळला. “बघितलंत? आता चपलांवर आलं शिक्षण.”

बुवा दाणे निवडत राहिले.

“म्हणजे तुम्ही सांगणार नाही.” दाजीबा उठला. “चल गं रेणे. इथंही तिचंच राज्य आहे.”

पायरीपाशी लोकांच्या जोड्या ओळीत लागल्या होत्या. रेणूची मात्र एकच लाल चप्पल.

“दुसरी गेली.” दाजीबाचा आवाज चढला. “मठातही चोर पाळलेत काय, बुवा?”

“तुझ्या आहेत का बघ.”

“माझ्या कशा जातील?” त्याची एक चप्पल पायरीशी होती, दुसरी लांब लिंबाखाली. देऊळ असो की लग्नाचा मांडव, त्याची रीत तीच. एकटी चप्पल कोण नेतो? आजवर एकही हरवली नव्हती.

“रेणू,” बुवा म्हणाले, “तुझी दुसरी कुठाय?”

रेणू पाण्याच्या रांजणामागे वाकली आणि लाल चप्पल घेऊन आली.

“तिथं कुणी ठेवली?”

“मीच.”

“का गं? सगळ्यांच्या तर जोड्या लावल्यास.”

“त्या लोकांच्या. आपली जोडी नाय लावायची. लोक नेतात.”

“आईनं सांगितलं?”

रेणूने मान हलवली. नाही.

“आबांनी?” बुवांनी दाजीबाकडे बोट केलं.

तिने थोडा विचार केला. “कुणीच नाय सांगितलं.”

मग ती लिंबाखाली गेली, आबांची दुसरी चप्पल उचलून आणली आणि त्यांच्या पायाशी ठेवली. ती कुठे आहे, हे तिला कुणी विचारलंही नव्हतं.

दाजीबाने पाय घातला. अंगठा नीट बसेना...

तो हळूच म्हणाला, “तरी पण बुवा... उद्या नाव घालू ना?”

“खुशाल घाल,” बुवा म्हणाले. “पण बालवाडी बाराला सुटते, दाजीबा. मग पोर तुझ्यापाशीच येणार.”